तीन बोटं

काकाजी, तुम्ही खोटारडे होतात. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात, पण तुम्हीच शिकवलंत की पोरी, दिसते ते बोलावं, नाही तं डॉक्टर होऊन काय फायदा. म्हणून बोलते. सात वर्षं तुम्ही मला 'सोडला, सोडला' म्हणत राहिलात आणि मेणाच्या डब्याखाली तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी दडवत राहिलात. काल काकीनं तो डबा उचलला तर पन्नी निघाली. आतली सुपारी वाळून खडा झाली होती. मी ती हातात घेतली आणि तुमच्यावर इतकी चिडले की रडणंच थांबलं माझं.

काल तुमचा जलदान विधी झाला. घरापुढच्या मंडपात भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, मग भाषणं झाली. एकानं तुम्हाला 'डॉक्टरसाहेब' म्हटलं, दुसऱ्यानं 'दंतवैद्य'. तुम्ही असतात तर तोंडावर हात ठेवून हसला असतात. डॉक्टर तुम्ही नव्हतातच. तुम्ही दातांचे मेकॅनिक. गोंदियातल्या डॉक्टरांकडून पेशंटच्या हिरड्यांची मापं यायची, तुम्ही त्यात प्लास्टर ओतायचात, लाल मेणावर एकेक दात बसवायचात आणि ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याची कवळी करून पाठवायचात. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी जागची उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं.

आठवतं का, आपली भेट कशी झाली? भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी बोदलकशाकडच्या गावातून अकरावी सायन्सला गोंदियाच्या वसतिगृहात आले होते. आमच्या वॉर्डनबाईंची कवळी पडून मोडली. रुमालात बांधून ती तुमच्याकडे पोचवायचं काम माझ्यावर आलं. तुम्ही रुमाल सोडला, पण कवळी हातात न घेता माझ्याकडे सरकवली. म्हणालात, "पाह्य बरं, काय दिसते?" मला वाटलं चेष्टा करतात. तरी पाहिली. म्हटलं, "उजवीकडची दाढ मोडली, आणि डावीकडच्या समद्या झिजल्या. बाई एकाच बाजूनं चावते." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "कोठची वो तू? कोणाची?" मी गावाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, माय बिड्या वळते तेही सांगितलं. तुम्ही विचारलंत, बारावीनंतर काय. मी म्हटलं, डी.एड. तेव्हा म्हणालात, "डी.एड. तं समदेच करून राहिले. तू रविवारी येत जाय."

रविवारी आले तर खोलीत आधीच सहा पोट्टे-पोट्टी बसलेली. कोणी आमच्यासारखी बौद्धांची, कोणी सालेकशाकडच्या जंगलातली गोंडांची, एक ढिवराचा. प्रत्येकाच्या हातात कपडे धुवायच्या साबणाची वडी आणि तुमची एक बोथट सुरी. साबणातून दाढ कोरायची. मी पहिली कोरली ती बटाट्यासारखी झाली. तुम्ही ती उन्हात धरलीत आणि म्हणालात, "याच्यानं चावलं तं माणूस उपाशी मरते." कोरून उरलेला चुरा काकी टोपल्यात भरून न्यायची आणि त्यातच कपडे धुवायची. "तुमच्या दाढाईनं लुगडी धुतो मी," असं म्हणायची, आणि आम्हाला पोहे द्यायची. त्या घरात मी दोन वर्षांत जितके पोहे खाल्ले तितके नंतर आयुष्यात खाल्ले नसतील.

तुमचं म्हणणं साधं होतं. तीस वर्षं तुम्ही कवळ्या केल्यात आणि एकाही कवळीच्या पाकिटावर आपल्या लोकांतल्या डॉक्टराचं नाव पाहिलं नाहीत. आपली माणसं दवाखान्यात येत ती दात उपटायलाच, तेही गाल सुजून डोळा बंद झाल्यावर. का, तर तोंड उघडायची लाज. दात काळे, तोंडाला वास, समोर चकचकीत कपड्यांतला माणूस नाक मुरडणार. "आपल्या माणसाइच्या तोंडात पाहाले आपलाच माणूस पाहिजे," हे तुम्ही इतक्या वेळा म्हणायचात की आम्ही मागून नक्कल करायचो. आज मी तिरोड्याच्या माझ्या दवाखान्यात दिवसाला वीस तोंडं पाहते आणि नक्कल करायची हिंमत होत नाही.

भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे तुम्ही शिकवलं नाहीत, तुम्हाला येतही नव्हतं. जुन्या प्रश्नपत्रिका कुठून कुठून गोळा करून आणायचात आणि उत्तरं आम्हालाच एकमेकांना समजवायला लावायचात. तुम्ही शिकवलंत ते दुसरंच. आम्हाला मोठ्या माणसाला 'तोंड उघडा' म्हणता येत नव्हतं. कसं येणार? आमच्या घरी मोठ्यांपुढे मान वर करून बोलायची रीत नाही, मग त्यांना हुकूम कसा सोडायचा? मी तर वॉर्डनबाईंना 'सरका' म्हणायलाही घाबरायची. एका रविवारी राइस मिलचे शेठजी कवळी टोचते म्हणून गाडीतून थेट तुमच्याकडेच आले. तुम्ही त्यांना स्टुलावर बसवलंत, तोंडात पाहायचा छोटा आरसा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "सांग त्याइले."

शेठजी म्हणाले, "अरे, ये बच्ची देखेगी?"

"देखेगी," तुम्ही म्हणालात. "बोल वो."

मी पुटपुटले, "शेठजी, जरा तोंड उघडता का?"

"ऐकू नाही आलं."

पुन्हा म्हटलं. पुन्हा तुमचं तेच, "ऐकू नाही आलं." माझे कान तापले. तिसऱ्या वेळी मी इतक्या जोरात "तोंड उघडा!" म्हटलं की समोरचा टेलर मशीन थांबवून दारात आला. शेठजींनी दचकून आ केला. मी आयुष्यात तपासलेलं पहिलं तोंड, आणि त्यात एकही दात नाही! पण हिरडीवर मागच्या बाजूला मसुराएवढा लाल फोड होता, तो मला दिसला. बोट ठेवून दाखवला. तुम्ही कवळी तेवढीच घासून दिलीत आणि शेठजी "वाह बेटी" म्हणत गेले.

ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आज तुझा हात कोठी गेला, समजलं का?" मला समजलं होतं. माझ्या आज्याला असल्या घरांचा ओटा चढू देत नव्हते. मी हात धुतले नाहीत बराच वेळ. मग तुम्हीच ओरडलात, "धू ना वो ते हात, पोहे खायचे आहेत."

त्याच दिवशी तुम्ही तो नियम सांगितलात, जो मी आजही माझ्या शिकाऊ पोरींना सांगते. तोंड उघडायला सांगताना विनंती करायची नाही, दमही द्यायचा नाही. घरी आल्यावर 'दार उघड' म्हणतो तसं म्हणायचं. आणि तोंड उघडल्यावर सगळ्यात आधी दात नाही पाहायचे, दार किती उघडलं ते पाहायचं. पेशंटची त्याचीच तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालायला सांगायची. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर समजायचं की आतून गाल आखडत चालले, सुपारी-तंबाखूनं. मग कितीही घाई असली तरी त्याला सोडायचं नाही. हे तुम्ही स्वतःच्या तोंडात तीन बोटं घालून दाखवायचात, वर डोळे मोठे करायचात. आम्ही हसून हसून पडायचो.

सीईटीचा निकाल लागला आणि माझा नागपूरला डेंटलला नंबर लागला. फुलवंताचाही लागला होता, काकाजी. मुद्दाम नाव घेते. सालेकशाकडची, गोंडांची, माझ्यापेक्षा दहापट बरी कोरायची. तिच्या साबणाच्या दाढेवर उंदीर फसला असता. तिच्या जात पडताळणीचे कागद वेळेत आले नाहीत. आजा शाळेत गेलेलाच नाही, मग त्याच्या शाळेचा दाखला आणणार कुठून? तुम्ही तिच्यासोबत किती कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्यात ते मी पाहिलं आहे. सीट गेली. ती आज आश्रमशाळेत मास्तरीण आहे आणि दरवर्षी दोन-तीन पोरी तुमच्याकडे पाठवते. माझ्या ॲडमिशनचे पेढे तुम्ही एकही खाल्ले नाहीत. मला राग आला होता तेव्हा. मी म्हटलंसुद्धा, "माझं झालं त्याचा आनंद नाही का तुम्हाले?" तुम्ही म्हणालात, "आहे ना वो. पण तिचा घास अडकला माझ्या घशात." ते भांडण आपलं कधी मिटलंच नाही. मी रुसून नागपूरला गेले.

तिसऱ्या वर्षाला तोंडाचे आजार शिकले आणि सुट्टीत आले ती तुमच्यावर तुटूनच पडले. खर्रा तुमचा लपून कधीच नव्हता. गोंदियात कोणाचा लपतो? पानठेल्यावर पन्नीत सुपारी-तंबाखू घोटून देतात, तो माणूस खिशात ठेवतो, बस. मी म्हटलं, "तुम्ही आम्हाला दुसऱ्यांच्या तोंडात पाहायला लावता आणि स्वतः हे कायले खाता?" तुम्ही हात जोडलेत. "सोडला बाई आजपासून. बुद्धाची शपथ नाही घेत, ते खोटी होईल, पण सोडला." काकी आतून म्हणाली, "हव, सोडला! सूर्य पश्चिमेले निंगन तेव्हा सोडतील." आम्ही हसलो. हसण्यावारी नेलं सगळं.

आणि आपलं मोठं भांडण ते नागपूरचं. मला तिथल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली तेव्हा तुम्ही महिनाभर फोन उचलला नाही. उचललात तेव्हा एवढंच बोललात, "तुले शिकवलं ते नागपूरच्या दाताइसाठी नाही." मीही फटकन बोलले, की मी तुमची साबणाची वडी नाही, तुम्हाला पाहिजे तशी कोरायला. तीन वर्षांनी मी आपणहून तिरोड्याला आले. तुम्ही जिंकलात असं मी कधी म्हटलं नाही, तुम्हीही कधी म्हणवून घेतलं नाहीत. आज म्हणते. तुम्ही जिंकलात.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते सांगायला जीभ जड होते.

दवाखान्याच्या उद्घाटनाला तुम्ही आलात. पांढरा शर्ट, केस चोपून बसवलेले. फीत तुमच्या हातून कापली. मग जेवणं झाली. मायनं तिखट रस्सा केला होता, तुमच्या आवडीचा. तुम्ही वाटी हळूच बाजूला सारलीत आणि भातात दूध घेतलंत. बुंदीचा लाडू सबंध तोंडात टाकणारा माणूस तुम्ही, त्या दिवशी चिमटीनं चुरून चुरून खात होतात. मी समोर उभी होते. मी पाहिलं. तिखट झोंबतं, तोंड उघडत नाही, दोन्ही लक्षणं एका पंगतीत. आणि मग एकदम आठवलं की मी कधी रविवारी आले तर तुम्ही पोरांना तीन बोटं हल्ली फक्त तोंडी सांगता. स्वतःच्या तोंडात घालून दाखवत नाही. किती वर्षांपासून?

काकाजी, माझी खुर्ची नवी होती, दिवा नवा होता, तुम्ही चार पावलांवर होतात. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "काकाजी, एकदा बसता का खुर्चीत? पाहू का जरा?"

विनंती केली मी. जशी करायची नाही म्हणून तुम्ही शिकवलं होतं, अगदी तशी.

तुम्ही हसलात, तोंडावर हात ठेवून. "मी घरचा माणूस आहो. पयला पेशंट बाहेरचा पाहिजे." आणि मी 'बरं' म्हटलं. कायले म्हटलं मी बरं? पाहुणे होते म्हणून? तुम्ही मोठे म्हणून? तुमच्या तोंडात पाहायचं म्हणजे तुम्हाला सगळ्यांपुढे लाजवायचं, असं वाटलं म्हणून? दिवसाला वीस माणसांना, सरपंचाला, फौजदाराला, माझ्या स्वतःच्या सासऱ्याला मी 'उघडा' म्हणते, आणि ज्यानं म्हणायला शिकवलं त्याच्यापुढे माझी जीभ पुन्हा अकरावीतली झाली. नंतर वर्षभर फोनवर विचारत राहिले, "तब्येत बरी आहे ना?" तुम्ही म्हणत राहिलात, "एकदम." दोघंही खोटारडे, काकाजी. तुम्ही एकटे नाही.

कळलं तेव्हा गालाच्या आत जखम झालेली होती आणि ती मानेपर्यंत गेली होती. नागपूरच्या वॉर्डात मी भेटायला आले तेव्हा तुमचं बोलणं बंद झालेलं. उशाशी वही आणि पेन्सिल. बाहेर काकीनं मला सांगितलं, "रोज सकायी आरशापुढं उभे राहत अन् तोंडाशी बोटं नेत. दोन वर्सं. मी म्हणो, मिशी पाहून राहिले." म्हणजे तुम्ही मोजत होतात. तीनाची दोन झाली, दोनाचं एक झालं, रोज सकाळी मोजलंत, आणि रविवारी पोरांना पोहे खाऊ घातलेत.

आत आले. तुमच्या खाटेशी वाकले आणि हळूच म्हटलं, "काकाजी, तोंड उघडता का थोडं?"

तुम्ही पेन्सिल घेतलीत. बराच वेळ लावलात. वही माझ्याकडे फिरवलीत. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऐकू नाही आलं.'

मी हसले की रडले, मला माहीत नाही. मग म्हटलं, जोरात म्हटलं. शेजारच्या खाटांवरची माणसं वळली, सिस्टर धावत आली. तुम्ही उघडलंत. एक बोटही जाईना. मी बॅटरीनं पाहिलं जेवढं दिसलं तेवढं, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होतात, परीक्षेत पोरीकडे पाहतात तसं. मी बॅटरी बंद केली. तुम्ही वहीत पुन्हा लिहिलंत, 'दिसते ते बोल.' मला ते नाही जमलं. तेवढं एक माझ्याकडून राहिलं. आज बोलते: उशीर झाला होता, काकाजी, आणि तो उशीर अर्धा माझा होता.

आता कालचं सांगते, म्हणजे झालं.

काल दुपारी लोक पांगले, मंडपवाला बांबू सोडायला लागला. काकीनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. बायांनी बळेच तिला तुमच्या कामाच्या खोलीत पाटावर बसवलं आणि ताट दिलं. मी समोरच होते. तिनं वरणभात कालवला, आणि वांग्याची तिखट भाजी बोटानं ताटाच्या कडेला सारली.

काकी रोज सकाळी गुडाखू लावते हे मला माहीत आहे. काळी तंबाखूची पेस्ट, दात साफ होतात म्हणून आपल्याकडच्या बाया हिरड्यांवर चोळतात. तुम्हालाही माहीत होतं. त्यावर आपण कधीच भांडलो नाही, तुमच्याच खर्ऱ्यावर भांडत राहिलो.

मी म्हटलं, "काकी, तोंड उघडा."

तुमची बहीण म्हणाली, "का वो हे? आज? घरात काय झालं आहे अन् तू काय करून राहिली?" बाकीच्या बायाही माझ्याकडे अशा पाहायला लागल्या जशी मी ताट ओढून घेतलं. काकी म्हणाली, "मले भूक नाही बाई, म्हणून सारली भाजी." तोच आवाज, काकाजी. घरच्या माणसाला काही होत नाही, असा. माझी जीभ पुन्हा जड व्हायला लागली होती. समोर तुमचं स्टूल होतं, रिकामं.

"तोंड उघडा, काकी!"

तिनं उघडलं. मी खिडकीच्या उजेडाकडे तिचा चेहरा वळवला, दोन्ही गाल बाजूला करून पाहिले, जीभ उचलून पाहिली. मग तिचाच हात धरला, तिची तीन बोटं उभी केली आणि म्हटलं, घाला. भाताचं बोट होतं, तसंच घातलं तिनं.

तीन बोटं गेली, काकाजी. तिन्ही. गाल मऊ आहेत, कुठे जखम नाही. गुडाखूची डबी मी माझ्या पर्समध्ये टाकली, काकीच्या देखत, आणि ती शिव्या देत रडली आणि मग भाजीसकट जेवली. आणि ऐकू आलं का म्हणून तुम्ही विचारू नका. समोरचा टेलर मशीन थांबवून दारात आला होता.